वाडा बघून झाला, आता नावं कुठे शोधायची?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. तू अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीत राहतेस, नवरा जवळच्याच डरहमचा, आफ्रिकन अमेरिकन, नऊ वर्षांच्या लेकीला शाळेत फॅमिली ट्री करायचाय. तुझ्या बाजूचं झाड कुळवृत्तांतामुळे सरळ साताऱ्यापर्यंत अकरा पिढ्या मागे गेलं आणि नवऱ्याच्या बाजूची फांदी त्याच्या पणजोबांच्या वडिलांपाशी तुटली. त्यांच्या घरात ऐकीव एवढंच की 'आमची माणसं कॅमेरॉनच्या जागेवरची'. म्हणून शनिवारी तुम्ही स्टॅगव्हिल, म्हणजे कॅमेरॉन घराण्याचा गुलामीच्या काळातला मळा, बघायला गेलात, मालकाचं घर बघितलं, हॉर्टन ग्रोव्हची, म्हणजे तिथे गुलाम म्हणून ठेवलेल्या माणसांची घरं बघितली, आणि लेकीनं विचारलं की यात बाबांच्या पणजोबांच्या बाबांची खोली कुठली. तिथून तू हा प्रश्न घेऊन आलीस, की पुढे काय करायचं आणि खरंच काही सापडतं का.

सापडतं. दर वेळी नाही, पण तुझ्या बाबतीत शक्यता बरीच चांगली आहे, का ते सांगतो. तू काका म्हणालीस म्हणून एकेरीतच बोलतो. मी काही इतिहासाचा प्रोफेसर नाही, आयुष्यभर आयटीत होतो, पण गेली अठरा वर्षं शनिवार-रविवार हेच करतोय, आधी शेजाऱ्यांसाठी एक कागद वाचून दिला आणि मग सवयच लागली. माझे वडील तलाठी होते, घरात फेरफार, वारसनोंदी, गहाणखतं हीच भाषा, मोडीही थोडी त्यांच्याकडूनच आली, आणि गंमत म्हणजे इथे कामाला आलं ते तेच.

सगळ्यात आधी डोक्यातून एक कल्पना काढून टाक, की तो वाडा म्हणजे त्र्यंबकेश्वर आणि तिथे कुणीतरी उपाध्याय लाल कापडातली चोपडी सोडून तुमच्या सात पिढ्या वाचून दाखवणार. घरात नावं नसतात. तुम्ही बघितलंच असेल, ते घर पण काही सिनेमातल्यासारखं पांढऱ्या खांबांचं नाहीये, साधं लाकडी दुमजली आहे, लोक जरा हिरमुसतातच. मला विचारशील तर तिथली बघण्यासारखी गोष्ट म्हणजे हॉर्टन ग्रोव्हच्या चिमणीच्या विटा, त्यात विटा थापणाऱ्यांच्या बोटांचे ठसे आहेत. १८५० च्या सुमारास बांधलेली ती दुमजली घरं, चार खोल्या, एकेका खोलीत एकेक कुटुंब. ठसे आहेत पण कुणाचे ते विटेवर लिहिलेलं नाही. लिहिलेलं आहे ते दुसरीकडे, मालकाच्या पैशाच्या कागदात.

आणि ही एक गोष्ट नीट समजली की बाकी सगळं आपोआप सुचत जातं. आपल्याकडे माणूस जमिनीच्या कागदात मालक म्हणून सापडतो ना, इथे माणूस त्या कागदात जमिनीच्या जागी सापडतो. म्हणजे फेरफार कधी पडतो, तर कुणी मेलं, कुणाच्या मुलीचं लग्न झालं, कुणी कर्जात बुडालं, भावाभावांत वाटणी झाली तर. अगदी त्याच चार वेळा गुलाम केलेल्या माणसाचं नाव कागदावर येतं. मृत्युपत्र, बक्षीसपत्र, गहाणखत, वाटणीपत्र. म्हणून अमुक सालाच्या मागे जायचं असेल तर शोध स्वतःच्या घराण्याचा करायचा नसतो, मालकाच्या घराण्याचा करायचा असतो. हे पचायला जड जातं. माझ्या शेजाऱ्यांना तर फार गेलं, 'त्या लोकांचा वंशवृक्ष मी का काढू' म्हणाले, आणि चार महिने काम बंद ठेवलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

पण ते नंतर. सुरुवात तिथून नाही करायची. बहुतेक लोक इथेच घसरतात, वाड्यापासून खाली यायला बघतात, मालकाच्या यादीत एखादा आयझॅक दिसला की 'आमच्याकडे पण आयझॅक होता!' करून चिकटवून टाकतात. तू जिवंत माणसापासून मागे जा. सासूबाई, त्यांच्या आत्या, चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका. फोटो मागू नकोस आधी, फ्युनरल प्रोग्रॅम माग. ब्लॅक चर्चमध्ये अंत्यसंस्काराला छापील पुस्तिका निघते, त्यात जन्मगाव, आईवडील, भावंडं, कोण आधी गेलं कोण मागे राहिलं, सगळं असतं, आणि प्रत्येक घरात असा एक शूबॉक्स असतोच. फॅमिली रियुनियनला जे टीशर्ट छापतात त्यावर पण कधीकधी मूळ जोडप्याची नावं असतात, हसू नकोस, मला एकदा नेमका दुवा टीशर्टवर मिळालाय.

मग सरकारी कागद. नॉर्थ कॅरोलायनात मृत्यूच्या दाखल्यांची राज्यभर नोंद १९१३ पासून सुरू झाली. आता विचार कर, १८५० मध्ये गुलामीत जन्मलेला माणूस १९२० मध्ये वारला तर त्याच्या दाखल्यावर आईवडिलांच्या नावाचा रकाना आहे. म्हणजे एका विसाव्या शतकातल्या कागदावरून तू थेट गुलामीतल्या पिढीत उतरतेस. माहिती देणारा कोण ते मात्र बघायचं, जावयानं दिली असेल तर सासऱ्याच्या आईचं नाव त्याला कितपत ठाऊक, 'माहीत नाही' असंही पुष्कळदा लिहिलेलं असतं. दुसरं म्हणजे लग्नाचे परवाने, १८६८ पासून त्यावर नवरानवरी दोघांच्या आईवडिलांची नावं लिहायची पद्धत आली. हे दोन्ही फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं, फक्त अकाउंट काढावं लागतं.

जनगणना तर माहीत असेलच, दर दहा वर्षांनी. १९०० ची फार कामाची, जन्माचा महिना-साल, लग्नाला किती वर्षं, किती मुलं झाली, त्यातली किती जगली. १८९० ची जवळजवळ सगळी गेली, १९२१ च्या आगीत. १८८० मध्ये घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलंय. १८७० मध्ये नातं नाही, फक्त एका घरातली नावं एकाखाली एक, तेव्हा 'मेरी, वय ४०' ही बायको की बहीण हे तू ठरवायचं नाहीस, १८८० बघून मगच लिहायचं. आणि वयांवर अजिबात विसंबू नकोस, दहा वर्षांत माणूस सात वर्षांनी मोठा होतो कधी तेरा.

इथे एक फार साधी गोष्ट लोकांना अडवते. डरहम काउंटी १८८१ ची आहे. त्याआधी तो भाग बराचसा ऑरेंज काउंटीत, काही वेकमध्ये. म्हणजे १८७० मध्ये डरहम काउंटी शोधलीस तर काहीच मिळणार नाही आणि तू समजशील माणसं नव्हतीच. आपल्याकडे कसं, आजोबांचा जन्म उत्तर सातारा जिल्ह्यातला असं कागदावर असतं आणि नातू म्हणतो असा जिल्हाच नाही, तसलाच प्रकार. ऑरेंजचे कागद, हिल्सबरोच्या कोर्टाचे, त्यातला जुना भाग आता रालेच्या स्टेट आर्काइव्हजमध्ये.

१८७० म्हणजे भिंत. इथे सगळे तसंच म्हणतात. कारण गुलामीतून सुटलेली माणसं नावानिशी मोजली गेली ती पहिल्यांदा १८७० मध्ये. त्याआधी १८५० आणि १८६० ला गुलामांची वेगळी यादी केली होती, स्लेव्ह शेड्यूल म्हणतात, त्यात मालकाचं नाव आणि खाली नुसतं, वय ३४ पुरुष काळा, वय ३० स्त्री काळी, वय ४ मुलगी म्युलॅटो, म्हणजे मिश्र वंशाची. नावाचा रकानाच नाही, एखाद्दुसऱ्या काउंटीत कुणा मोजणाऱ्यानं आपणहून नावं लिहिली तेवढा अपवाद. ही यादी बघून 'हे चौतीस वर्षांचे म्हणजे आमचेच' असं लोक करतात, तसं करू नकोस. यादीचा उपयोग एवढाच, की अमक्या मालकाकडे त्या साली त्या वयाचं कुणी होतं की नव्हतं ते कळतं. पुरावा म्हणून नाही, खोडून काढायला बरी.

भिंतीला भोकं आहेत. नॉर्थ कॅरोलायनात सगळ्यात मोठं भोक म्हणजे १८६६ ची सहजीवनाची रजिस्टरं. गुलामीत लग्नाला कायदा नव्हता, वीसवीस वर्षं संसार केलेली जोडपी कायद्यानं कुणीच नव्हती एकमेकांची. मार्च १८६६ मध्ये राज्यानं कायदा केला की अशा जोडप्यांनी कोर्टाच्या क्लार्कपुढे किंवा जस्टिस ऑफ द पीसपुढे जाऊन नोंद करावी, किती वर्षं एकत्र राहतोय ते सांगावं, फी २५ सेंट. आणि लोक गेले, रांगा लावून गेले. 'तीस वर्षं', 'बेचाळीस वर्षं', असं त्या रकान्यात लिहिलेलं दिसतं तेव्हा, काय सांगू, मी इतकी वर्षं बघतोय तरी थांबतोच. सगळ्या काउंट्यांची रजिस्टरं टिकलेली नाहीत, पण तू ऑरेंज, वेक, पर्सन तिन्ही बघ, कॅमेरॉनची जमीन काउंटीच्या रेषा ओळखत नव्हती.

दुसरं भोक फ्रीडमन्स ब्यूरो. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपता संपता मार्च १८६५ मध्ये केंद्र सरकारनं गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी काढलेलं खातं, १८७२ पर्यंत चाललं. रेशनच्या याद्या, दवाखाने, शाळा, मजुरीचे करार, तक्रारी. इथे त्या काळात एक वाईट प्रकार चालायचा, अनाथ म्हणून मुलांना 'अॅप्रेंटिस' करून जुन्या मालकाकडेच बांधून द्यायचे, आईबाप जिवंत असताना, आणि मग ते आईबाप ब्यूरोत तक्रार लिहवून घ्यायचे, तर त्या पत्रांत अख्खं कुटुंब मिळतं. २०१५ मध्ये हे कागद नावावरून शोधता यावेत म्हणून फॅमिलीसर्च आणि स्मिथसोनियनचं आफ्रिकन अमेरिकन म्युझियम यांनी हजारो स्वयंसेवक लावले, सुमारे १८ लाख नावं टिपली, थोडी माझ्याही हातची आहेत. त्याच सुमाराची फ्रीडमन्स बँक, १८६५ ला निघाली १८७४ ला बुडाली, गरिबांचे पैसे घेऊन बुडाली, पण खातं उघडताना आईवडील, भावंडं, कधी जुन्या मालकाचं नावसुद्धा लिहून घेतलेलं आहे. पैसे गेले, नावं राहिली. मोठ्या शहरांतल्या शाखा असल्यामुळे तुझ्या शोधात लगेच उपयोग होईल असं नाही, पण कुणी भाऊ तिकडे गेला असेल तर बघ.

आता आडनाव. यावर जरा वेळ घालवतो कारण इथेच सगळ्यात जास्त झाडं वाकडी वाढतात. 'आडनाव कॅमेरॉन म्हणजे कॅमेरॉनचे गुलाम, आडनाव दुसरं म्हणजे नाहीत' असं गणित नसतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर कुणी शेवटच्या मालकाचं आडनाव ठेवलं, कुणी दोन मालकांआधीच्याचं, कारण आजोबा तिथून आलेले, आणि कित्येक कुटुंबांचं आपलं आडनाव आधीपासून होतंच, फक्त मालकाच्या वहीत ते लिहीत नव्हते, वहीत नुसतं 'जिम' किंवा 'सुकीचा जिम'. तुझ्या नवऱ्याचं आडनाव कॅमेरॉन नाही म्हणून घरातली गोष्ट खोटी ठरत नाही. उलट ऐकीव गोष्ट 'आम्ही कॅमेरॉनचे' नसून 'कॅमेरॉनच्या जागेवरचे' अशी आहे, तेव्हा एक शंका मनात ठेव, १८६५ नंतर, म्हणजे गुलामी संपल्यावर, बटाईनं कसायला येऊन राहिलेली कुटुंबंही असंच सांगतात. म्हणून म्हणतो १८७० पर्यंत पाय घट्ट रोवून ये. तिथे शेजारी कोण आहेत ते बघ, पाच पानं पुढे पाच पानं मागे, मोजणारा माणूस घरोघरी चालत गेलाय, आजूबाजूला पॉल कॅमेरॉनची, म्हणजे त्या वेळच्या मालकाची, जमीन दिसते का, तीच आडनावं रजिस्टरात दिसतात का.

आणि मग, आता, मालकाकडे वळायचं.

स्टॅगव्हिलबद्दल तुझं नशीब चांगलं म्हणालो ते यासाठी की बेनेहन आणि कॅमेरॉन या घराण्यानं कागद फेकलेच नाहीत. चॅपल हिलला युनिव्हर्सिटीच्या विल्सन लायब्ररीत सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन आहे, तिथे कॅमेरॉन घराण्याचे तीस हजारांहून जास्त कागद आहेत. तुझ्या घरापासून अर्ध्या तासावर. कुणालाही बघता येतात, प्रोफेसर असायला लागत नाही. कागदांची सूची ऑनलाइन आहे, ती आधी घरी बसून वाच, बराच भाग मायक्रोफिल्मवरही आहे.

काय शोधायचं ते मालकाच्या घरातल्या घडामोडींवरून ठरव. रिचर्ड बेनेहननं १७८७ मध्ये स्टॅग कुटुंबाकडून ती जागा घेतली. मुलगी रिबेका, तिचं लग्न १८०३ मध्ये डंकन कॅमेरॉनशी, इथे दोन घरांची मालमत्ता जवळ आली. रिचर्ड १८२५ मध्ये गेला. मुलगा थॉमस बेनेहन अविवाहित, १८४७ मध्ये वारला, सगळं भाच्याकडे, पॉल कॅमेरॉनकडे. डंकन १८५३ मध्ये वारला. १८६० पर्यंत सगळं मिळून सुमारे ३०,००० एकर आणि ९०० च्या आसपास माणसं, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात मोठ्या मालकांपैकी. तर १८२५, १८४७, १८५३ ही सालं म्हणजे फेरफार पडलेली सालं, तिथल्या याद्या आधी बघ. थॉमसच्या मृत्युपत्रात तर व्हर्जिल नावाच्या माणसाला बायकामुलांसकट मुक्त केलंय, तो मळ्यावर आजाऱ्यांचं औषधपाणी करायचा, आणि १८४८ मध्ये ते कुटुंब लायबेरियाला गेलं. म्हणजे मृत्युपत्रात कधीकधी असंही वळण असतं.

पण माझ्या मते मृत्युपत्रापेक्षा रोजच्या याद्या जास्त बोलतात. घोंगडी वाटली, कापड वाटलं, बुटांची मापं. वाटप कुटुंबावार केलेलं असतं, आई आणि तिच्याखाली मुलं, कारण कापड किती वार लागेल ते आईला मोजून द्यायचं असतं. मालकाला हिशेब हवा होता, आपल्याला त्यात कुटुंब मिळतं. जन्माच्या नोंदी पण ठेवलेल्या आहेत, त्यांना ती मालमत्तेतली भर वाटायची. हर्बर्ट गुटमन या इतिहासकारानं १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ज्या थोड्या मळ्यांच्या नोंदी खोलात तपासल्या त्यात हा बेनेहन-कॅमेरॉनचा समूह आहे, आणि त्याला दिसलं की मुलांना आजोबांची, आत्या-मावश्यांची आणि फार करून वडिलांची नावं ठेवत. वहीत बापाचा पत्ता नसायचा बऱ्याचदा, विकून लांब जायची भीती बापाचीच जास्त, पण मुलाच्या नावात बाप राहायचा. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच, म्हणून आपल्याला हे चटकन कळतं. तेव्हा तुमच्या घरात पिढ्यान्पिढ्या परत परत येणारं एखादं जरा वेगळं नाव असेल ना, तर ते सासूबाईंना मुद्दाम विचार. जॉन-मेरीचा उपयोग नाही. विचित्र नावाचा आहे.

अजून एक वाट अलाबामाची, ही विसरू नकोस. १८४४ मध्ये पॉल कॅमेरॉननं अलाबामात ग्रीन्सबरोजवळ मळा घेतला आणि इथून ११४ माणसं तिकडे नेली, शेकडो मैलांची वाट. अर्धं कुटुंब इथे अर्धं तिथे. नंतर मिसिसिपीतही जमीन घेतली. त्यामुळे १८५० च्या यादीतून एखादं माणूस नाहीसं झालं तर ते मेलंच असं धरू नकोस, अलाबामाच्या हेल काउंटीची १८७० ची जनगणना उघड. ही काउंटी पण १८६७ ची आहे, त्याआधी तो भाग ग्रीन काउंटीत, परत तोच सीमांचा घोळ. तिकडे गेलेल्यांपैकी काहींनी पुढे तीच जमीन विकत घेतली, त्यांचे वंशज आजही आहेत, आणि तुझ्या नवऱ्याचे चुलत तिकडे निघाले तर मला नवल वाटणार नाही.

खरेदीविक्रीची खतं पण बघ, ग्रीन्सबरोच्या युनिव्हर्सिटीनं (हे आपलं नॉर्थ कॅरोलायनातलं ग्रीन्सबरो, अलाबामातलं नाही, मीही एकदा गोंधळलोय) काउंट्यांच्या दप्तरांतली अशी खतं ऑनलाइन टाकलीयेत, 'पीपल नॉट प्रॉपर्टी' नाव आहे, फुकट आहे, नावावरून शोधता येतं.

आता माझी चूक सांगतो. एका कुटुंबासाठी व्हर्जिनियाच्या सीमेकडची एक वही वाचत होतो, त्यात जिम, वय जुळतं, बायकोचं नाव जुळतं, मी आनंदानं जोडून टाकला आणि आठ महिने त्याच्यामागे तीन पिढ्या बांधल्या. मग एका घोंगड्यांच्या यादीत 'मोठा जिम' आणि 'धाकटा जिम' एकाच पानावर. दोघांच्याही बायका हॅना. माझा धाकटा होता. आठ महिन्यांचं काम गेलं, त्यापेक्षा वाईट म्हणजे त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी 'मोठ्या'चं नाव एव्हाना पणतूला ठेवलं होतं. त्या म्हणाल्या असू दे, त्यालाही कुणीतरी आठवायला हवंच. पण मला आजही ते लागतं. तेव्हापासून दोन वेगवेगळ्या प्रकारचे कागद जुळल्याशिवाय मी नाव शाईनं लिहीत नाही, आणि तूही लिहू नकोस.

एक गोष्ट तुला आज रात्रीच वाचता येईल. १९३६ ते १९३८ दरम्यान सरकारनं गुलामी भोगलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, २,३०० च्या वर, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. त्यात डरहमकडचे अॅबनर जॉर्डन आहेत. ते म्हणतात माझा जन्म स्टॅगव्हिलला, पॉल कॅमेरॉनच्या जागेवर, वडील ओबेड, आई एला, आम्ही तेरा भावंडं. वर त्यांचं वय ९५ छापलंय आणि पहिल्याच वाक्यात जन्म साधारण १८३२ सांगितलाय, म्हणजे शंभरी उलटलेली, गणित बसत नाही. पण ओबेड आणि एला ही नावं खोटी आहेत का? नाही ना. साल हलतं, नातं सहसा हलत नाही, अशा दृष्टीनं वाचायचं. मुलाखती घेणारे बहुतेक गोरे, काळ मंदीचा, समोरच्याला पेन्शन मिळेल का ही आशा, त्यामुळे मालक किती चांगला होता वगैरे भाग सावधपणे घ्यायचा.

डीएनए करायचं का असं विचारलंयस. करा, पण त्यानं नावं मिळत नाहीत, चुलत मिळतात, आणि त्या चुलतांची झाडं चांगली असतील तरच उपयोग. सासूबाईंची किंवा त्यांच्याहून मोठ्या कुणाची आधी करा, लेकीची नको, तिच्यात अर्धं सातारा आहे आणि वर मुलांचा डेटा कंपन्यांना द्यावा की नाही हा वेगळाच विषय. एक मात्र घरात आधी बोलून ठेवा. आफ्रिकन अमेरिकन लोकांत सरासरी सुमारे २४ टक्के वारसा युरोपीय निघतो असा २०१५ चा मोठा अभ्यास आहे. म्हणजे मॅचच्या यादीत गोरे चुलत येणार, कदाचित ओळखीच्या आडनावाचे. ते कसे आले हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही, बहुतेक वेळा सांगायची गरजही पडत नाही. त्या लोकांना पहिल्याच मेसेजमध्ये 'तुमच्या पणजोबांनी आमच्या पणजीला' असं लिहू नका, आधी विचारा घरात जुन्या वह्या आहेत का. पोटमाळ्यावरच्या ट्रंका त्यांच्याकडे असतात.

बाकी कुणी दुसऱ्या राज्यातलं वाचत असेल तर एवढंच, लुइझियानात खेळ वेगळा आणि कागद जास्त, फ्रेंच-स्पॅनिश नोटरींची पद्धत असल्यामुळे. तिथे व्हिटनी प्लँटेशन २०१४ च्या अखेरीस म्युझियम म्हणून उघडलं, ग्वेंडोलिन मिडलो हॉल या बाईंनी जमवलेल्या १,०७,००० नावांच्या भिंती आहेत. मेरीलँडच्या जेझुइट पाद्र्यांनी १८३८ मध्ये २७२ माणसं लुइझियानात विकली, जहाजाच्या यादीपासून आजच्या वंशजांपर्यंत तो धागा लोकांनी जोडलाय. आणि इथलंच, समरसेट प्लेस, क्रेसवेलजवळ, तिथे डॉरोथी स्प्रूइल रेडफर्ड या बाईंनी, हौशी माणूस हं, तुझ्यामाझ्यासारख्या, दहाएक वर्षं कोर्टातले कागद उपसले आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये त्या मळ्यावरच्या लोकांचे दोन हजारांवर वंशज त्याच अंगणात जमले. पुढे त्याच तिथल्या प्रमुख झाल्या. जमलं तर लेकीला तिकडेही ने.

लेकीबद्दल. यादीत नावापुढे वय असतं आणि वयापुढे डॉलर असतात. तरण्या पोराला हजार, म्हाताऱ्या आजीपुढे शून्य. नऊ वर्षांच्या मुलीला हे दाखवायचं का हे तुम्ही दोघं ठरवा, मी बाहेरचा. पण तिला अचानक दिसू देऊ नका, आणि पहिल्यांदा कागद बघायला तिचे बाबा एकटे किंवा तू बरोबर, असे जा. मी बघितलंय, मोठमोठे बाप्ये त्या टेबलावरून उठून बाहेर जातात. शाळेच्या तक्त्यावर तुटलेली फांदी तुटलेली दाखवली तरी चालेल, तिथे 'शोध चालू' लिहा, रिकामी सोडू नका. आणि तुझ्या बाजूची अकरा पिढ्यांची लांबलचक फांदी जरा आखूड काढ, पाच बस झाल्या, नाहीतर पोरगी तक्ता बघून भलतंच काही समजेल. आपल्या कुळवृत्तांतात तरी सुनांची माहेरची आडनावं किती आहेत ते एकदा मोजून बघ, आणि आपल्याकडे पेशवाईत कुणबिणी, म्हणजे दासी, विकत घेतल्याचे कागद आहेत, त्या बायकांची झाडं कुणी काढलीयेत.

वाचनालयात जाताना पेन नेऊ नकोस, शिसपेन्सिलच चालते, फोननं फोटो काढता येतात फ्लॅश न लावता, आणि स्वेटर ने, आत भयंकर गार असतं. पेट्या आधी सांगून मागवून ठेवाव्या लागतात, आयत्या वेळी गेलं तर दिवस फुकट. स्टॅगव्हिलच्या ऑफिसला पण परत एक ईमेल टाक, 'आम्ही वंशज असू शकतो' असं स्पष्ट लिही, त्या लोकांना वंशजांच्या कुटुंबांशी संपर्क ठेवायचा असतो, टूरच्या गर्दीत ते बोलणं होत नाही.

पण हे सगळं सासूबाईंच्या शूबॉक्सनंतर. त्यांना आज फोन कर, आणि त्यांच्या आजीचं लग्नाआधीचं आडनाव काय होतं एवढं एकच विचार. ते मिळालं की इथेच लिही, रजिस्टरची पानं मी तुझ्याबरोबर बसून वाचीन, त्या क्लार्कचं अक्षर मोडीपेक्षा वाईट आहे.